रस्त्यावरची गुणवत्ता यादी

विषय ऐकून काहींनी मला विचारलं, सर, सायकलच्या ॲपमध्ये तत्त्वज्ञान कुठून आलं? प्रश्न बरोबर आहे. पण पुस्तकाची समीक्षा करतो तशी एखाद्या यंत्राचीही करता येते. ते माणसाला काय समजतं, एवढं विचारायचं.

स्ट्राव्हा हे ॲप २००९ पासून आहे. नांदेड-लातूरचे अनेक सायकलवाले ते वापरतात. त्यातली मुख्य गोष्ट म्हणजे 'सेगमेंट'. रस्त्याचा एक तुकडा कुणीही वापरणारा ठरवतो, मग तिथून जाणाऱ्या प्रत्येकाची वेळ आपोआप नोंदली जाते आणि क्रमवारी लागते. म्हणजे काय, तर गुणवत्ता यादी! लातूर पॅटर्नच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको. आपण आधी मुलांची यादी लावली, आता पहाटेची लावतोय.

आता एक तांत्रिक बाब सांगतो, तिच्यात सगळं आलं. पूर्ण फेरीचा सरासरी वेग काढताना ॲप थांबलेला वेळ वगळतं. सेगमेंटची वेळ मात्र घड्याळाची. थांबलात तरी ती चालूच. म्हणजे काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या आजोबांसाठी ब्रेक दाबला, तर यादीत खाली गेलात. सौजन्याला इथे उणे गुण आहेत. ॲप बनवणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. हिशेबाची रीतच तशी आहे, आणि रीत ही हेतूपेक्षा जास्त काम करते बरं का.

आपल्याकडे सायकलसाठी राखलेली वाट फारशी नाही. विष्णुपुरीकडचा रस्ता घ्या, लातूरचा औसा रोड घ्या. पहाटे तिथे फिरायला आलेली म्हातारी माणसं, शेजारी-शेजारी चालणाऱ्या बायका, दूधवाले, कुत्री, आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. त्या पोरांकडेही स्टॉपवॉच असतं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. त्यांच्या घड्याळाला मी नावं ठेवणार नाही. तिथे नोकरी पणाला आहे आणि पळायला मैदान नाही. सायकलवाल्याच्या घड्याळामागे काय आहे? मोबाइलवरचा एक मुकुट.

कांट १७८५ मध्ये म्हणाला की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. मला वाटतं, इथे त्याच्याही पुढची गत झाली आहे. चालणारा माणूस साधनसुद्धा उरत नाही, तो अडथळा होतो. मागून घंटी वाजते, 'बाजू, बाजू!' अशी हाक येते. माझ्या वयाला कुठल्या बाजूला व्हायचं हे कळायलाच दोन सेकंद लागतात. मी सत्तरी ओलांडली आहे, एका कानानं कमी ऐकू येतं. हे गाऱ्हाणं नाही, माहिती म्हणून सांगतोय.

याच गोष्टी तिकडे कोर्टात गेल्या. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीच्या उतारावर गेलेला विक्रम परत मिळवायला निघालेला एक स्वार मृत्युमुखी पडला. २०१२ मध्ये घरच्यांनी कंपनीवर दावा लावला, तो पुढच्या वर्षी फेटाळला गेला. युक्तिवाद असा की सायकलस्वारीतला धोका स्वारानं स्वतःच पत्करलेला असतो. ठीक. पण २०१२ मध्येच सॅन फ्रान्सिस्कोत एका सायकलस्वाराच्या धडकेनं ७१ वर्षांचा पादचारी गेला. त्यानं काय पत्करलं होतं? स्वारानं नंतर गुन्हा कबूल केला. ज्यानं खेळात नावच नोंदवलं नाही, त्याला खेळाचा धोका का?

सी. थी न्युएन हे आजचे तत्त्वज्ञ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपली मूल्यं मोठी आणि जरा धूसर असतात, त्यांच्या जागी हळूच एक सोपा आकडा येऊन बसतो. आरोग्यासाठी सायकल घेतली, सहा महिन्यांनी आकड्यासाठी चालवतोय. परीक्षेचंही हेच झालं, हो की नाही? ज्ञान राहिलं बाजूला.

मग मोजूच नये? तसं नाही. एकटी मुलगी सायकलवर लांब जाते तेव्हा तिची जागा घरच्यांना मोबाइलवर दिसते, हा लहान फायदा नव्हे. आणि मोजण्याची दुसरी रीत याच लोकांकडे आहे. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या आपल्याकडेही होतात. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं. पहिला-दुसरा क्रमांक नाही. गंमत म्हणजे वाटेतले नाके ताशी ३४ किलोमीटरच्या हिशेबानं उघडतात. फार लवकर पोचलात तर थांबा! घाईला तिथे मोलच नाही. वारीत कुठे यादी असते? मागचा पुढच्याला 'माउली' म्हणतो. हाक तीच, पण 'बाजू'च्या जागी 'माउली' म्हटलं की समोर माणूस दिसतो.

माझी हरकत क्रमवारीला आहे, आणि तीही सामायिक रस्त्यावरच्या. सेगमेंट आखताना चालणाऱ्याला कुणी विचारत नाही; त्याचं त्या ॲपवर खातंच नाही. एखादा सेगमेंट धोकादायक आहे अशी खूण ॲपमध्ये करता येते, मग त्याची क्रमवारी लागत नाही. पण ती खूणसुद्धा खातं असणाराच करणार. तेव्हा समोर बसलेल्या सायकलवाल्यांना माझी विनंती आहे: या रविवारी फेरीला निघण्याआधी आपल्या भागातले सेगमेंट उघडून बघा. ज्यांवर पहाटे माणसं चालतात, त्यांवर ती खूण करा. आपल्या नावापुढचा मुकुट जाईल, तो जाऊ द्या. आता प्रश्न असतील तर घेऊ. जरा मोठ्यानं बोला म्हणजे झालं.