राफियाचे हत्ती आणि गळालेलं ‘मला वाटतं’

राफियाच्या लढाईबद्दल वाचायला घेतलंत, की एक वाक्य हमखास भेटतं: टॉलेमीचे आफ्रिकी हत्ती भारतीय हत्तींपेक्षा लहान होते, म्हणून घाबरून पळाले. आज या एका वाक्याच्या मागे लागू या. त्यावर एक अख्खी उपपत्ती उभी राहिली, जनुकशास्त्राने ती पाडली, आणि एवढं होऊनही मूळ मजकुरात नेमकं काय लिहिलंय हा प्रश्न बाजूलाच पडला.

पार्श्वभूमी थोडक्यात. इ.स.पू. २१७, जून महिना. गाझाच्या दक्षिणेला राफिया, म्हणजे आजचं रफा. दक्षिण सीरिया कुणाचा, या जुन्या भांडणापायी इजिप्तचा चौथा टॉलेमी आणि सेल्युसिड राजा तिसरा अँटायोकस समोरासमोर आले. टॉलेमीकडे ७०,००० पायदळ, ५,००० घोडदळ आणि ७३ हत्ती. अँटायोकसकडे ६२,०००, ६,००० आणि १०२. हे आकडे पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराचे. लढाई झाली तेव्हा तो जन्मलाही नव्हता, एवढं लक्षात ठेवा.

आता अडचण बघा. आपण ‘आफ्रिकी हत्ती’ म्हणून चित्रांत बघतो तो सव्हाना हत्ती आशियाई हत्तीपेक्षा मोठा असतो. मग पॉलिबियस उलटं कसं सांगतो? १९४८ साली विल्यम गॉवर्स यांनी तोडगा सुचवला: टॉलेमीचे हत्ती सव्हानातले नसून आकाराने लहान असलेले वनहत्ती असावेत. तर्क सुटसुटीत होता, त्यामुळे चांगलाच रुजला.

२०१४ मध्ये ‘जर्नल ऑफ हेरेडिटी’त एरिट्रियाच्या गाश-बरका भागातल्या हत्तींवर शोधनिबंध आला. हत्ती पकडण्यासाठी टॉलेमी राजांनी लाल समुद्राच्या किनाऱ्यावर ठाणी वसवली होती, त्याच टापूतला हा भाग. हत्तींच्या लिदीतून डीएनए काढला, तर पेशीकेंद्रातला डीएनए सव्हाना हत्तीचा आणि मायटोकॉन्ड्रियातलाही सव्हानाचाच. मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो, आणि हत्तिणी सहसा आपला कळप सोडून जात नाहीत. त्यामुळे एखाद्या प्रदेशात पूर्वी वनहत्ती असतील आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या सव्हानाच्या नरांशी संकर होऊन बाकीचा जनुकसंच बदलला, तरी मायटोकॉन्ड्रियात आजीच्या आजीची खूण शिल्लक राहते. आफ्रिकेत इतर ठिकाणी अशा खुणा सापडल्या आहेत. एरिट्रियात एकही नाही. गॉवर्स यांच्या तर्काला हा मोठाच धक्का आहे.

इथपर्यंत उत्तम. पण ‘राफियाचं कोडं सुटलं’ अशा थाटात हे कुणी सांगू लागलं की मी बिचकते. डीएनएने प्रजाती सांगितली. युद्धात उतरवलेल्या त्या ७३ जनावरांची उंची, वय, नर किती आणि माद्या किती, शिकवण कितपत झालेली, यातलं काहीही त्या लिदीत नाही. अर्धवट वाढलेला सव्हाना हत्ती पूर्ण वाढलेल्या भारतीय हत्तीपेक्षा लहानच दिसणार.

आता मूळ मजकूर. पाचव्या खंडात पॉलिबियस सांगतो, की टॉलेमीच्या हत्तींपैकी थोडेच भिडले, बाकीचे मागे फिरले. कारण म्हणून तो आधी भारतीय हत्तींचा वास आणि चीत्कार देतो. मग आकार आणि ताकद यांची भीती जोडतो, आणि तिथेच ‘मला वाटतं’ असा शब्दप्रयोग टाकतो. म्हणजे आकार हा त्याचा अंदाज होता! भारतातले हत्ती सगळ्यात मोठे, हा समज ग्रीकांत आधीपासून होताच. तोच त्याने इथे वापरला असावा. पुढे गोष्ट सांगताना ‘मला वाटतं’ तेवढं गळालं, आणि त्या अंदाजाचं स्पष्टीकरण द्यायला आपण एक वेगळी प्रजाती आणली.

खरं तर त्याच पानांवर पॉलिबियस दुसरे आकडेही देतो. एका बगलेवर टॉलेमीच्या ४० हत्तींसमोर ६०, दुसरीवर ३३ समोर ४२. दोन्हीकडे टॉलेमीचे हत्ती कमीच होते. मागे फिरण्याचं कारण शोधायचं तर मी आधी इथे बघीन. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

आणि हत्ती हरले म्हणून लढाई हरली का? छे. डाव्या बगलेवर टॉलेमीचे हत्ती आपल्याच रांगांवर येऊन आदळले आणि ती बगल कोसळली. उजव्या बगलेवरचे हत्तीही पुढे जाईनात. तेव्हा तिथला सेनापती एकेक्रेटीस हत्तींचा नाद सोडून घोडदळासह वळसा घालून गेला आणि त्याने समोरची बगल मोडली. तिकडे अँटायोकस पळणाऱ्यांचा पाठलाग करत भलताच लांब गेला. मधल्या फॅलँक्सने, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट रांगांनी, निकाल लावला. अँटायोकसचं जवळजवळ १०,००० पायदळ पडलं, टॉलेमीचं १,५०० च्या आसपास.

टॉलेमीच्या त्या फॅलँक्समध्ये २०,००० इजिप्शियन होते, मॅसेडोनियन पद्धतीची शस्त्रं हाती दिलेले. मला राफियातलं खरं वळण इथे दिसतं, पण हत्तींपुढे यांच्याकडे बघतो कोण! पॉलिबियस मात्र बघतो. या विजयाने इजिप्शियन लोकांना स्वतःच्या ताकदीची जाणीव झाली आणि थोड्याच काळात ते राजावरच उलटले, असं तो लिहितो. लढाईनंतर जेमतेम बारा वर्षांत दक्षिण इजिप्त टॉलेमींच्या हातून निसटला आणि तिथे स्थानिक फेरो गादीवर बसला. तो भाग परत घ्यायला टॉलेमींना इ.स.पू. १८६ साल उजाडलं.