जवळून पाहिलेलं किती खरं? ‘थ्री अँड आउट’ या पुस्तकाविषयी

आज आपण ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, त्याचा विषय आपल्यापैकी बऱ्याच जणांना परका वाटेल. अमेरिकन फुटबॉल, तोही कॉलेजचा. जॉन यू. बेकन या लेखकाचं ‘थ्री अँड आउट’ हे पुस्तक २०११ साली आलं. मिशिगन विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांच्या तीन मोसमांची ही हकीकत. तत्त्वज्ञानाच्या माणसांनी खेळाच्या पुस्तकात कशाला डोकं घालायचं, असं कोणी विचारेल. आमचं म्हणणं असं की साक्ष, कारण आणि न्याय हे तीन जुने प्रश्न इथे एकाच मैदानात उतरलेले आहेत, म्हणून.

आधी नावाचा अर्थ बघू. या खेळात संघाला दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. पहिले तीन फुकट गेले की बहुतेक वेळा चौथ्यात चेंडू लाथेनं लांब उडवून प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायचा. तीन प्रयत्न आणि बाहेर. रॉड्रिग्ज यांनाही तीनच मोसम मिळाले आणि मग बाहेरची वाट. नाव मोठं चपखल आहे.

आता हा पसारा केवढा, ते समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अतिशयोक्ती वाटेल. आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे जिमखान्याच्या नोटीसबोर्डवरची यादी. तिथे ॲन आर्बर गावातल्या विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त माणसं बसतात. म्हणजे तीन वानखेडे भरतील एवढी. प्रशिक्षकाचा पगार तेव्हा वर्षाला सुमारे २५ लाख डॉलर होता. आणि खेळणारे कोण? अठरा ते बावीस वर्षांचे विद्यार्थी. त्यांना शिष्यवृत्ती मिळे, पगार नाही. हा विरोधाभास मनात ठेवा, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

हकीकत थोडक्यात. बो शेम्बेकलर १९६९ ते १९८९ या संघाचे प्रशिक्षक होते, तिथलं दैवतच म्हणा ना. त्यांच्या परंपरेतले लॉइड कार २००७च्या मोसमानंतर निवृत्त झाले. त्याच मोसमाच्या पहिल्या सामन्यात ॲपलाचियन स्टेट या खालच्या गटातल्या संघानं मिशिगनला ३४-३२ असं हरवलं होतं. काहीतरी नवं हवं, अशी हवा होती. मग वेस्ट व्हर्जिनियाहून रॉड्रिग्ज आले. आले तेच भांडण घेऊन. जुना करार मोडल्याबद्दल वेस्ट व्हर्जिनियाला ४० लाख डॉलर द्यायचे होते. कोर्टकचेरी झाली आणि अखेर २५ लाख मिशिगननं, १५ लाख रॉड्रिग्ज यांनी भरायचे ठरले. गंमत बघा, रॉड्रिग्ज वेस्ट व्हर्जिनियाचेच भूमिपुत्र, त्याच विद्यापीठात शिकलेले आणि खेळलेले. तिथे ते ‘आपला माणूस’ होते, निघाले आणि गद्दार ठरले. इकडे आले ते बाहेरचे म्हणून.

पुढचे आकडे निर्दय आहेत. २००८ मध्ये ३ विजय, ९ पराभव. १९६७ नंतरचा पहिला तोट्याचा मोसम. २००९ मध्ये ५-७. २०१० मध्ये ७-६, आणि शेवटचा सामना मिसिसिपी स्टेटशी, १४-५२. तो १ जानेवारी २०११ला झाला, ५ तारखेला रॉड्रिग्ज यांना काढलं. एकूण १५ विजय, २२ पराभव. ओहायो स्टेट हा हाडवैरी संघ. त्याच्याविरुद्ध तीनपैकी तीन सामने हरले.

आता पुस्तकाकडे. बेकन यांना या तीन वर्षांत जवळजवळ सगळी दारं उघडी होती. प्रशिक्षकांच्या बैठका, मध्यंतरातली खोली, सराव, सगळीकडे ते होते. खेळाडूंचा व्यायाम कसा असतो ते कळावं म्हणून त्या व्यायामशाळेत त्यांनी स्वतःही घाम गाळला. शिवाय ते ॲन आर्बरचेच, याच विद्यापीठाशी जोडलेले, शेम्बेकलर यांच्याबरोबर एक पुस्तक लिहिलेले. म्हणजे आतल्या माणसानं बाहेरच्या माणसाबद्दल लिहिलेलं हे पुस्तक आहे.

अशा लेखकावर विश्वास किती ठेवायचा? न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानताना ‘आप्त’ कोण, याची चर्चा येते. वात्स्यायन म्हणतो त्याचा आशय असा: ज्यानं गोष्ट प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. हे लक्षण फार उपयोगी आहे, बरं का. त्यात निःपक्षपातीपणाची अट वेगळी घातलेली नाही. जाणणं आणि तसंच सांगण्याची इच्छा, एवढ्या दोनच अटी.

बेकन यांना या कसोटीवर घासून बघू. सांगण्याची इच्छा आहे, यात आम्हाला शंका वाटत नाही. रॉड्रिग्ज यांचा आरडाओरडा, माध्यमांशी वागण्यातला गावंढळपणा, संरक्षणाच्या फळीकडे झालेलं दुर्लक्ष, काहीही झाकलेलं नाही. पराभवानंतरच्या खोलीतलं वर्णन वाचावं. तिथे लेखक जे पाहतो ते दुसऱ्या कोणाला दिसलंच नसतं. पण पुस्तकाचा मोठा आरोप वेगळ्याच खोल्यांतला आहे. जुन्या परंपरेतल्या लोकांनी नव्या माणसाला मनापासून साथ दिली नाही, मावळत्या प्रशिक्षकांनी आपल्या खेळाडूंना दुसरीकडे जायचं असेल तर सही देण्याची तयारी दाखवली, विद्यापीठाच्या वरिष्ठांनी निवड घाईत केली आणि पुढे आधार दिला नाही, असं पुस्तक म्हणतं. या खोल्यांत बेकन नव्हते. तिथलं त्यांनी इतरांकडून ऐकलं. म्हणजे पुस्तकात दोन प्रकारची साक्ष आहे, पाहिलेली आणि ऐकलेली. अडचण अशी की दोन्हींचा सूर एकच आहे. डोळ्यांनी पाहिलेल्या पानांनी कमावलेला विश्वास कानांनी ऐकलेल्या पानांवर नकळत खर्च होतो. वाचकानं इथे जागं राहायला हवं.

एक प्रकरण मात्र असं आहे जिथे जवळून पाहण्याचं मोल पुरेपूर वसूल होतं. ऑगस्ट २००९ मध्ये ‘डेट्रॉइट फ्री प्रेस’नं बातमी दिली, की रॉड्रिग्ज मुलांकडून नियमापेक्षा जास्त सराव करून घेतात. नियम आठवड्याला २० तासांचा. पण कुठले तास मोजायचे? दुखापतीवरचे उपचार, पट्ट्या बांधून घेणं, मुलांनी आपणहून केलेला व्यायाम हे त्यात धरत नाहीत. बेकन दाखवतात की बातमीत हा भेद नीट आलाच नाही. चौकशीअंती नियमभंग झाल्याचं सिद्ध झालं, पण बातमीतून वाटला होता त्यापेक्षा फार लहान. १३० तासांचा सराव कमी करावा लागला आणि तीन वर्षांची निगराणी लागली. नियम पाळण्याचं वातावरणच ठेवलं नाही, हा रॉड्रिग्ज यांच्यावरचा जड आरोप अखेर टिकला नाही, देखरेखीत कमी पडल्याचा टिकला. मात्र निकाल आला नोव्हेंबर २०१० मध्ये. तोवर सव्वा वर्ष माणूस संशयाखाली होता.

इथवर सहानुभूती वाटणं साहजिक आहे. पण इथेच एक घसरण होते, आणि ती या पुस्तकापुरती नाही. ‘त्याच्यावर अन्याय झाला’ यावरून ‘म्हणून तो योग्य होता’ असा निष्कर्ष निघत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, की अन्यायही झाला आणि तो कमीही पडला. नोव्हेंबर २०१० मधला इलिनॉयविरुद्धचा सामना घ्या. तीन वेळा जादा खेळ होऊन मिशिगन ६७-६५ असं जिंकलं. ६५ गुण देऊन जिंकणं! डेनर्ड रॉबिन्सन हा त्यांचा क्वार्टरबॅक एकाच मोसमात फेकून आणि धावून, दोन्ही प्रकारे १५०० यार्डांपलीकडे गेलेला पहिलाच खेळाडू. एवढं आक्रमण, आणि संरक्षण असं की सामन्यामागे सरासरी ३५ गुण देणारं. वेस्ट व्हर्जिनियातला संरक्षणाचा प्रशिक्षक सोबत आला नाही, हे खरं. पण तीन वर्षांत दुसरी घडी बसवता आली नाही, याचं खापर परंपरेच्या डोक्यावर कसं फोडणार?

आणि ही परंपरा तरी काय? ‘मिशिगनचा माणूस’ हा शब्दप्रयोग तिथे मंत्रासारखा वापरतात. १९८९ मध्ये शेम्बेकलर यांनी, दुसऱ्या विद्यापीठाची नोकरी घेतलेल्या बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाला दूर सारताना तो गाजवला. पण शेम्बेकलर स्वतः कोण? ओहायोत जन्मलेले, ओहायोत शिकलेले, हाडवैरी ओहायो स्टेटमध्ये वूडी हेज यांच्या हाताखाली तयार झालेले. १९६९च्या पहिल्याच मोसमात त्यांनी आपल्या गुरूच्या संघाला २४-१२ असं हरवलं आणि मग ते ‘मिशिगनचे’ झाले. आता बघा, आपलेपणा ही जिंकण्याआधीची पात्रता होती, की जिंकल्यावर मिळालेलं प्रशस्तिपत्र? हरणाऱ्याला जे कारण म्हणून चिकटवतात, ते जिंकणाऱ्याच्या बाबतीत कोणाला आठवतही नाही. नैतिक दैवाचा जो प्रश्न बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये मांडला, त्याचं इतकं रोखठोक उदाहरण वर्गात शोधून सापडायचं नाही.

पुढचा इतिहासही कोणाच्या बाजूनं सरळ साक्ष देत नाही. २०११ मध्ये ब्रेडी होक आले, परंपरेतले, सगळ्यांना हवेसे. पहिल्याच वर्षी ११ विजय, २ पराभव. एक बाजू म्हणाली, बघा, आपला माणूस आला आणि जमलं. दुसरी म्हणाली, खेळाडू तर बरेचसे रॉड्रिग्ज यांचेच होते. चौथ्या वर्षी तो संघ ५-७ वर घसरला आणि होकही गेले. आणि ज्या वेस्ट व्हर्जिनियानं रॉड्रिग्ज यांना शिव्याशाप दिले, त्यांनीच डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना पुन्हा बोलावलं.

आता सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट. आम्हाला या पुस्तकात सगळ्यात मोलाची वाटली ती प्रशिक्षकाची शोकांतिका नव्हे, तिच्या कडेला उभी असलेली मुलं. पहाटेचा व्यायाम, मग वर्ग, मग सराव, आणि शनिवारी लाखभर लोकांसमोर हरणं. प्रशिक्षकाला काढलं तेव्हा करारानुसार २५ लाख डॉलर मिळायचे होते. त्या काळी खेळाडूनं विद्यापीठ बदललं तर साधारणपणे एक वर्ष मैदानाबाहेर बसावं लागे. मोठ्यांच्या करारात सुटकेची किंमत लिहिलेली होती, मुलांना ती आपल्या वर्षांत मोजावी लागे. २०२१ नंतर हे बरंच बदललं. मुलांना आपल्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, संघ बदलणंही सोपं झालं. पण बेकन यांचं पुस्तक त्या आधीच्या व्यवस्थेचा आतून घेतलेला जबाब आहे. लेखकाचं लक्ष प्रशिक्षकावर असलं, तरी त्याच्या प्रामाणिक डोळ्यांनी मुलांनाही टिपलं.

म्हणून आमचं मत असं: पुस्तक अवश्य वाचावं, पण वाचताना हातात पेन्सिल ठेवावी. जिथे लेखक खोलीत होता तिथे एक खूण, जिथे नव्हता तिथे दुसरी. निकाल द्यायची घाई करू नये. आपल्यापैकी अनेकांनी संस्थांमध्ये, समित्यांमध्ये कामं केली आहेत. नवा माणूस आला की पहिल्या वर्षी आपण त्याच्या हाताखाली काय ठेवतो आणि तिसऱ्या वर्षी त्याच्याकडून काय मागतो, याचा हिशेब एकदा मांडून बघायला हरकत नाही.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.