'शुद्ध' बियाण्याची भाषा : बीजमातेविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे हे गाव राहीबाई सोमा पोपेरे यांच्या बीजसंवर्धनामुळे सर्वपरिचित झाले. २०१८ मध्ये बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश केला, तर २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर यांनी दिलेली 'बीजमाता' ही उपाधी आता रूढ आहे. या कार्यावर वृत्तपत्रीय लेख, गौरवपर भाषणे, विद्यार्थ्यांचे निबंध असे विपुल मराठी लेखन झाले. त्यातून शाळेची पायरी न चढलेल्या आदिवासी स्त्रीचे ज्ञान समाजासमोर आले, हे त्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि या लेखनातील परिभाषा आनुवंशिकी आणि उत्क्रांतीच्या निकषांवर तपासली असता तीत मूलभूत विसंगती आढळते. प्रस्तुत लेखात तिचा विचार केला आहे.

'शुद्ध' आणि 'संकर'

'शुद्ध', 'अस्सल', 'मूळ' ही विशेषणे या लेखनात वारंवार येतात. वास्तविक 'जनुकीय शुद्धता' हा पायाभूत व प्रमाणित बियाण्याचा निकष आहे. तेथे सर्व रोपे एकसारखी असणे अपेक्षित असते. पारंपरिक वाणाचे सामर्थ्य नेमके याच्या उलट असते. तो एकसाची नसून थोड्याफार भिन्न रोपांचा समुदाय असतो. पाऊस लांबला अथवा कीड पडली तरी त्यातील काही रोपे तग धरतात. म्हणजेच गौरव पारंपरिक वाणाचा आणि मोजपट्टी मात्र प्रमाणित बियाण्याची, असा हा प्रकार आहे.

'संकरित' या शब्दाबाबतही असेच घडते. मराठीत 'संकर' या शब्दाला 'वर्णसंकरा'ची जुनी छाया आहे. त्यामुळे संकरित बियाणे म्हणजे भ्रष्ट बियाणे, असा भाव नकळत निर्माण होतो. संकरित बियाण्याची खरी अडचण वेगळी आहे. मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमांनुसार पुढील पिढीत गुण विलग होतात, पीक एकसारखे येत नाही आणि शेतकऱ्याला दरवर्षी बियाणे विकत घ्यावे लागते. हा प्रश्न बाजारावरील अवलंबित्वाचा आहे, सोवळ्याओवळ्याचा नव्हे. किंबहुना मिरची, मका व टोमॅटो ही पिके मूळची अमेरिका खंडातील. आज मिरचीही 'गावरान' म्हणून ओळखली जाते, ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीमुळे.

जात, प्रजाती आणि वाण

दुसरा गोंधळ वर्गीकरणाचा आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतील उतरंड कुल, प्रजाती, जाती अशी आहे. वृत्तपत्रांत मात्र हिंदीच्या प्रभावाने 'प्रजाती' हा शब्द जातीसाठी आणि पुष्कळदा वाणासाठीही योजला जातो. भाताचे वाण कितीही असले तरी ते 'ओरायझा सटायव्हा' या एकाच जातीचे असतात. त्यांना 'प्रजाती' म्हटल्याने जातीअंतर्गत विविधता ही संकल्पनाच वाचकाच्या नजरेतून निसटते, आणि राहीबाईंचे कार्य तर नेमके याच विविधतेशी निगडित आहे.

अर्थात वर्गीकरणाच्या सीमारेषा शास्त्रालाही सहज सापडल्या नाहीत. वालाच्या दोन रूपांना लिनिअसने १७५३ व १७६३ मध्ये दोन स्वतंत्र जाती मानले होते. आज ती दोन्ही 'लॅबलॅब पर्प्युरिअस' या एकाच जातीत गणली जातात. लोकवर्गीकरणाची दृष्टी याहून निराळी आहे. 'काळभात' हे नाव रंगावरून आले, तर 'जिरेसाळ' हे जिऱ्यासारख्या बारीक दाण्यावरून. याच जिल्ह्यातील राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे वाण 'फुले' या नावाने ओळखले जातात. एका परंपरेत नाव गुण सांगते, दुसरीत निर्मात्या संस्थेची ओळख. पहिल्या परंपरेतील निर्माते अनामिक राहिले, त्याचे एक कारण येथे दडलेले असावे.

'माता' या उपाधीची मर्यादा

'बीजमाता' या उपाधीत आदर आहे; परंतु तिच्यामुळे निवडीचे कौशल्य हे वात्सल्य ठरण्याचा धोका संभवतो. कोणते कणीस बियाण्यासाठी राखावे, कोणती शेंग वेलावरच वाळू द्यावी, हे निर्णय निरीक्षणावर आधारलेले असतात. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाचा आरंभ पाळीव प्राणी व लागवडीच्या वनस्पती यांतील बदलांच्या विवेचनाने केला, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. माणसाने केलेली निवड हीच त्याच्या युक्तिवादाची पहिली पायरी होती.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांनी आपल्या शेतात परंपरेने लागवड करून विकसित केलेल्या वाणांना मान्यता दिली आहे. वाण 'मूळचाच, जसाच्या तसा' असल्याचे सांगत राहिल्यास तो विकसित करणाऱ्यांच्या श्रेयाचा आधारच डळमळतो.

समारोप

शीतगृहातील बियाणे सुरक्षित राहते, पण तेथे त्याची उत्क्रांती थांबते. शेतात दरवर्षी पेरले जाणारे बियाणे बदलत्या हवामानाशी जुळवून घेत राहते. दोन्ही मार्ग आवश्यक आहेत. मात्र कोंभाळण्याच्या कार्याचे वेगळेपण दुसऱ्या मार्गात आहे. 'शुद्धता जपली' असे म्हणण्याऐवजी 'विविधता चालती ठेवली' असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. महाविद्यालयांतील जीवशास्त्र व मराठी विभागांनी एकत्र येऊन ही परिभाषा वर्गात तपासून घेतली, तर विद्यार्थ्याला उत्क्रांती दूरच्या बेटांवर शोधावी लागणार नाही. घरच्या कणगीतही ती दिसू शकेल.