प्रेरणादेवता आणि शोकनायिका

ग्रीक पुराणांतल्या म्यूझेस म्हणजे झ्यूस आणि स्मृतिदेवता नेमोसिनी यांच्या नऊ कन्या. त्यांतली मेल्पोमिनी पुढे शोकांतिकेची अधिष्ठात्री मानली गेली. होमरच्या दोन्ही महाकाव्यांचा आरंभ म्यूझच्या आवाहनाने होतो. सांगणारी ती, ऐकणारा कवी, असे हे नाते होते. पाश्चात्त्य कलेच्या पुढच्या वाटचालीत ते उलटे झाले.

मध्ययुगाच्या अखेरीस देवतेच्या जागी हाडामांसाची स्त्री आली, पण बहुधा मृत्यूनंतरच तिला हे स्थान लाभले. दांतेची बिआट्रिस 1290 मध्ये वारली आणि ‘डिव्हाइन कॉमेडी’त स्वर्गाची वाटाडी झाली. ती निदान दांतेला खडसावते तरी. 1348 मध्ये वारलेली पेट्रार्कची लॉरा मात्र मुख्यतः कवीच्या तळमळीचे निमित्त ठरते.

एकोणिसाव्या शतकात प्रेरणा आणि शोक एकाच चेहऱ्यात मिसळले. सुंदर स्त्रीचा मृत्यू हा काव्याचा सर्वश्रेष्ठ विषय होय, असे एडगर ॲलन पो याने 1846 मध्ये ठामपणे मांडले. याचे ठळक उदाहरण म्हणजे ऑफेलिया. ‘हॅम्लेट’ नाटकात तिचे बुडणे रंगमंचावर घडत नाही, राणी ते फक्त सांगते. चित्रकारांनी मात्र तोच क्षण डोळ्यांसमोर आणला. जॉन एव्हरेट मिले याच्या ‘ऑफेलिया’त (1851–52) पाण्यावर तरंगणारी नायिका तळवे उघडे टाकून, ओठ किंचित विलग करून पडली आहे आणि भोवतालचे एकेक फूल ओळखू येते. त्यासाठी एलिझाबेथ सिडल ही तरुणी ऐन हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत पाण्याने भरलेल्या टबात पडून राहत असे. पाणी कोमट राहावे म्हणून टबाखाली दिवे लावलेले असत. एकदा ते विझले आणि ती आजारी पडली. औषधोपचाराचा खर्च तिच्या वडिलांनी मिलेकडे मागितला.

सिडल स्वतः चित्रे काढी, कविता लिही. 1855 मध्ये समीक्षक जॉन रस्किन याने तिची चित्रे विकत घेऊन वर्षाला 150 पौंड देऊ केले. टेनिसनच्या ‘लेडी ऑफ शॅलॉट’ या कवितेवरचे तिचे 1853 चे रेखाटन या संदर्भात महत्त्वाचे आहे. चित्रकार वॉटरहाउसने 1888 मध्ये हीच नायिका मरणाकडे निघालेल्या नावेत रंगवली. सिडलची नायिका मागावर बसली आहे. आरसा तडकला असला तरी तिची नजर खिडकीबाहेर स्थिर आहे. इथे स्त्री पाहिली जात नाही, ती पाहते.

हे रेखाटन दीर्घकाळ झाकोळून राहिले, कारण तिच्या मृत्यूची कथा अधिक गाजली. 1862 मध्ये अफूच्या अर्काच्या अतिसेवनाने ती गेली. पती, कवी-चित्रकार दांते गाब्रिएल रोझेट्टी याने आपल्या कवितांचे हस्तलिखित तिच्या शवपेटीत ठेवले आणि 1869 मध्ये कबर उघडवून परत काढवले. पुढच्याच वर्षी त्याचा संग्रह निघाला. ‘बेआता बेआत्रिक्स’ या चित्रात त्याने तिलाच दांतेची बिआट्रिस केले. लाल पक्षी तिच्या हाती अफूचे फूल देतो आहे.

इतरांच्या वाट्यालाही हेच आले. शिल्पकार कामिय क्लोदेल हिची ओळख रोदँची प्रेयसी आणि 1913 ते 1943 अशी तीस वर्षे मनोरुग्णालयात काढलेली स्त्री, एवढीच उरली. पिकासो ‘गेर्निका’ हे चित्र साकारत असतानाचे टप्पे कॅमेऱ्यात टिपणारी छायाचित्रकार डोरा मार ही त्याची ‘रडणारी स्त्री’ म्हणूनच ओळखली गेली.

गेल्या काही दशकांत समीक्षेने हा हिशेब तपासायला घेतला. सिडलभोवतीची दंतकथा कशी रचली गेली, हे जॅन मार्श यांनी 1989 मध्ये दाखवले. मृत स्त्रीदेहाच्या सौंदर्यीकरणाची चिकित्सा एलिझाबेथ ब्रॉनफेन यांनी 1992 मध्ये केली. 2017 मध्ये फ्रान्समधील नोजाँ-स्यूर-सेन येथे क्लोदेलचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले.

तरीही एक धोका टळलेला नाही. या कलावतींची दुःखे आधी वाचली जातात, कलाकृती नंतर; सहानुभूतीही मग जुन्याच दंतकथेला खतपाणी घालते. सिडलच्या रेखाटनांत शरीररचनेचे कच्चेपण आहे आणि तिची मांडणी धीट आहे. या दोन्ही गोष्टी सारख्याच मोकळेपणाने सांगितल्या गेल्या, तरच तिला कलावंत म्हणून न्याय मिळेल.