संबंधित म्हणजे कोण?

दिवाळीच्या आधी घर झाडायला काढले की माळ्यावरून दरवर्षी काही ना काही निघतेच. यंदा माझी कात्रणांची जुनी वही निघाली. वर्तमानपत्राच्या ‘वाचकांची पत्रे’ या सदरात छापून आलेली माझी सतरा पत्रे तीत खळीने चिकटवलेली आहेत. सतराही पत्रांचा विषय एकच: आमच्या गल्लीतले गटार. पावसाळा लागला की ते तुंबे आणि पाणी घराघरांत शिरे. मी त्याला कधी वैतरणी म्हटले, कधी कर्मनाशा. एका पत्रात तर त्यात कालिया नागही सोडला. शेवट मात्र प्रत्येक पत्राचा एकच: ‘संबंधित अधिकारी लक्ष देतील काय?’

फराळाचे ताट शेजारी ठेवून ही पत्रे मी सलग वाचली. तीस वर्षे मराठी शिकवलेल्या माणसाला जे पहिल्याच पत्राच्या वेळी कळायला हवे होते, ते आता कळले. पत्रे शुद्ध होती, घाटदार होती, आणि वाईट होती.

अशा लेखनाची समीक्षा आपल्याकडे फारशी कोणी करीत नाही. कवितेच्या एकेका शब्दावर रात्री जागवणारे आपण, पण गावातली विहीर, शाळेचे गळके छप्पर, स्मशानाची वाट यांविषयी कोणी फावल्या वेळात लिहिले, तर ‘चळवळ म्हणून ठीक आहे’ एवढे म्हणून पान उलटतो. हे कौतुकही नव्हे आणि टीकाही नव्हे. ही टाळाटाळ आहे. हौशी लेखक झाला तरी तो लेखकच. त्याच्याकडून चांगल्या लेखनाची अपेक्षा न ठेवणे हा त्याचा मान नव्हे. आणि मराठी गद्याची परंपरा पाहिली, तर ही अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. कारण आपले फार मोलाचे गद्य अशाच, कोणी न सांगता, पैशाची आशा न धरता लिहिणाऱ्यांच्या हातून उतरले आहे.

लोकहितवादींचेच पाहा. गोपाळ हरी देशमुख हे सरकारी नोकर. पुढे न्यायाधीश झाले. १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात, भाऊ महाजनांच्या संपादकत्वाखाली, त्यांनी पत्रे लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांचे वय पंचवीस होते. १८५० पर्यंत ती चालली. ‘शतपत्रे’ म्हणून आपण त्यांना ओळखतो. प्रत्यक्षात ती १०८ आहेत. भाषेच्या दृष्टीने ती काही गुळगुळीत नाहीत. विधाने सरसकट, तोच मुद्दा पुन्हा पुन्हा, आणि इंग्रजी राज्याविषयी आजच्या वाचकाला खटकावा इतका भरवसा. ‘निबंधमाले’तून विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्यावर आसूड ओढले, आणि त्यातले काही फटके वर्मी बसले यात शंका नाही.

तरीही आज ही पत्रे वाचवतात. मला त्याचे कारण त्यांच्या रोखात दिसते. लोकहितवादींचे बोट सहसा दूर कोठे जात नाही. ते स्वतः ज्या पंगतीला बसत, तिच्याकडेच ते वळते. पुण्याचा ब्राह्मण, त्याचा आळस, त्याची पाठांतराची विद्या, विधवांविषयीची त्याची निष्ठुरता यांविषयी लिहिणारा त्याच घरातला आहे. विद्येवाचून गत नाही, असे लिहिणारा हाच माणूस १८४८ मध्येच पुण्यात सार्वजनिक ग्रंथालय उभे करण्याच्या खटपटीत पुढे होता. आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. लिहिणारा ‘संबंधितां’च्या यादीत स्वतःला धरतो की वगळतो, ही या लेखनाची पहिली कसोटी. या कसोटीला माझी सतरा पत्रे साफ नापास होतात.

दुसरी कसोटी एका मुलीकडून शिकावी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली मुक्ता साळवे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’त तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला, तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती आणि शाळेत जाऊ लागून तिला तीनच वर्षे झाली होती. वेद जर आमचे नाहीत, तर आमच्याकरिता धर्माचे पुस्तक कोणते, हा तिचा प्रश्न बिनतोड आहे. तो पुष्कळांनी उद्धृत केला आहे. पण मला अधिक मोठी वाटते ती दुसरी जागा. छप्परदेखील नसलेल्या घरात, थंडीवाऱ्यापावसात बाळंत होणाऱ्या बायकांचे दुःख ती सांगते, आणि त्यात कोणी आजारी पडली तर वैद्याला द्यायला पैसा कोठून आणावा, असे विचारते. अलंकार नाही की उसासा नाही. ‘अन्याय’, ‘शोषण’ यांसारख्या मोठ्या शब्दांचा आधार नाही. छप्पर नाही, पाऊस आहे, बाळंतीण आहे, पैसा नाही. एवढ्यावर वाचक निरुत्तर होतो. मी मात्र गटारात कालिया नाग सोडला, पण ते गटार किती हात रुंद आहे हे सतरा पत्रांत एकदाही लिहिले नाही! नेमका तपशील हाताशी नसला, की लेखक उपमेच्या दुकानी जातो.

आणि मुक्ता कोणाशी बोलते तेही पाहण्याजोगे आहे. ती पंडितांना समोर उभे करून बोलते, आणि शेवटी आपल्याच दुबळ्या बांधवांकडे वळून, ज्ञान हेच तुमच्या दुखण्यावरचे औषध आहे, असे सांगते. तिचा प्रत्येक शब्द कोणाच्या तरी दारात जाऊन थांबतो. ‘संबंधित अधिकारी’ या शब्दांना मात्र दारच नाही. ते हवेतले पत्र. ज्याला वाचून राग यावा असा माणूसच त्यात नसतो. म्हणून ते लिहिणाऱ्यालाही सोयीचे आणि वाचणाऱ्यालाही.

रागाची गोष्ट निघाली, तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आठवतात. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला १८८१ मध्ये गाजला. त्या निमित्ताने पुण्याच्या एका पत्राने साऱ्या स्त्रीजातीवरच तोंडसुख घेतले. त्याला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ताराबाईंचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक निघाले. हौस हा शब्द येथे तोकडा पडतो, हे मला मान्य आहे. ही हौस नव्हे, ही आग आहे. पण त्या काही पेशाने लेखिका नव्हत्या आणि हे पुस्तक लिहा असे कोणी त्यांना सांगितलेले नव्हते. रचना म्हणाल तर पुस्तक विस्कळीत आहे. एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी, मध्येच टोमणा, मध्येच म्हण, मध्येच पुराणातल्या देवांची झडती. शिस्तीच्या परीक्षकाने लाल शाईने पान भरून टाकावे. पण ती लाल शाई पुसून पुन्हा वाचले, की ध्यानात येते: बाई भांडताना जशी बोलते तशी ही भाषा आहे, आणि तशी भाषा तोवर छापील मराठीत क्वचितच आली होती. सुरतेच्या कोर्टातला खटला त्या प्रत्येक घराच्या माजघरात आणून ठेवतात. जोतीरावांनी त्यांची बाजू घेतली. तरी त्यांचे दुसरे पुस्तक काही आले नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा छापून आणीपर्यंत मराठी वाचकाला त्याचा जवळजवळ विसर पडला होता. व्याकरण पाहून माणसाला गप्प करण्याची आपली सवय जुनी आहे. जोतीरावांचेही व्याकरण काढणारे होतेच.

हे मी तावातावाने लिहितो आहे खरा, पण त्या लाल शाईची बाटली माझ्याही घरी आहे. वहीत अठरावे एक कात्रण आहे, आणि ते माझे नाही. माझे सतरावे पत्र छापून आल्यावर शेजारच्या काकू एक कागद घेऊन आल्या. इयत्ता चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, “गुरुजी, मीही लिहिलंय गटाराचं. एवढं शुद्धलेखन बघून द्या.” पत्र जेमतेम दहा ओळींचे. पहिल्या चार घरांपुढे गटार सव्वा हात रुंद आहे. पाचव्या घराने ओटा पुढे घेतला आहे, तेथे ते वीतभरच उरते. पाणी तेथून मागे फिरते. आणि आम्ही बाकीचे राख अन् सालपटे त्यातच टाकतो. पाचवे घर माझे.

मी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, आणि ओट्याचे वाक्य ‘पाल्हाळ’ म्हणून खोडले. काकूंनी कागद हातात घेऊन सावकाश वाचला. मग म्हणाल्या, “शुद्धलेखन बरोबर असेल तुमचं. पण हे वाक्य काढलंत, तर पत्रात उरलं काय?”

समीक्षेची पुस्तके मी थोडी वाचलेली नाहीत. इतके नेमके वाक्य त्यांत मला आढळले नाही. पत्र त्यांनी होते तसेच धाडले आणि ते तसेच छापून आले. कोणी अधिकारी फिरकला नाही. पण गल्लीत ते घरोघर वाचले गेले होते, आणि आठ दिवसांत ओट्याची पुढची फरशी मी गवंड्याकडून काढून घेतली. पश्चात्तापाने म्हणावे तर ते खोटे होईल, लाजेने. पुढच्या पावसात पाणी वाहून गेले.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. तिची पूजा करतो, पण दुसऱ्या दिवशी तिने आपल्याच घराचा कोपरा आधी झाडायचा असतो. सुट्टीत कोणाला गावच्या प्रश्नावर चार ओळी लिहाव्याशा वाटल्या, तर अवश्य लिहाव्यात. लिहून झाल्यावर शेवटच्या ओळीतला ‘संबंधित’ हा शब्द खोडावा, आणि तेथे कोणाचे नाव येते ते पाहावे.