चंकम आणि उद्यान : क्योतोच्या चिंतनयात्रांविषयी

जपानमधील विहार व उद्याने पायी हिंडून पाहण्याच्या, मार्गदर्शकासह निघणाऱ्या 'चिंतनयात्रा' अलीकडे बऱ्याच रूढ झाल्या आहेत. मोजक्या माणसांचा गट, पहाटे एखाद्या विहारात थोडा वेळ झाझेन म्हणजे आसनस्थ ध्यान, नंतर मौन पाळून उद्यानांतून संथ फिरणे, मधूनमधून मार्गदर्शकाचे विवेचन आणि शेवटी चहा, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम असतो. त्यांची माहितीपत्रके वाचली असता 'बौद्ध' हा शब्द पानोपानी आढळतो. आपल्या वाचकांना जपानी बौद्ध परंपरा अगदीच परकी नाही. भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांचे नागपुरातील अनेक दशकांचे कार्य सर्वांना परिचित आहे, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे १९९९ मध्ये उभे राहिलेले विहार जपानी सहकार्याचेच फळ आहे. तेव्हा अशा यात्रेत काय दाखविले जाते आणि काय दाखविले जात नाही, याचा विचार बौद्धांच्या नियतकालिकात होणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम चालण्याविषयी. ध्यानपूर्वक चालणे ही जपानची देणगी नव्हे. पालि वाङ्मयात त्याला चंकम म्हणतात. अंगुत्तर निकायाच्या पंचक निपातात तथागतांनी चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत : दूरच्या प्रवासाची क्षमता येते, प्रयत्नाची क्षमता येते, आजार कमी होतात, खाल्लेले-प्यालेले नीट पचते, आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पाचांपैकी पहिले चार लाभ किती साधे, किती शरीराचे आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विनयाच्या चुल्लवग्गातील चंकमविषयक नियमही असेच व्यवहारी आहेत. जमीन खडबडीत असल्याने भिक्खूंचे पाय दुखू लागले, तेव्हा ती सपाट करण्याची अनुज्ञा मिळाली. उंच चंकमावरून भिक्खू पडू लागले, तेव्हा कठडा आला. थंडीने आणि उन्हाने त्रास झाला, तेव्हा चंकमनशाला आली. या सबंध प्रकरणात प्रेक्षणीय देखाव्याचा उल्लेखही नाही. सोण कोळिविस चालता चालता पाय रक्तबंबाळ करून बसला, तेव्हा त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त देऊन समत्वाचा उपदेश करण्यात आला आणि पायांसाठी एकपदरी वहाणांची अनुज्ञाही मिळाली. चंकमात चालणाऱ्याने पाहायचे ते स्वतःचे पाऊल आणि स्वतःचे चित्त.

झेन परंपरेत दोन बैठकांच्या मधे केले जाणारे किन्हिन हे चंकमाच्या या साधेपणाशी बरेच इमान राखून आहे. यात्रांमध्ये किन्हिन शिकविले जाते ते चांगलेच होय. परंतु उद्यानात शिरताच चालण्याचा हेतू बदलतो. तेथे चालणे पाहण्यासाठी होते, आणि पाहणे बहुधा छायाचित्रासाठी. याबाबत आम्ही फार कठोर होऊ इच्छित नाही. घाईघाईने दहा मंदिरे उरकणाऱ्या सहलीपेक्षा दिवसभरात दोनच ठिकाणी थांबणारी, बोलणे कमी करणारी यात्रा निःसंशय बरी. सैहो-जी या शेवाळासाठी विख्यात असलेल्या विहाराने १९७७ पासून आगाऊ परवानगीची अट घालून गर्दी आवरली आणि उद्यान पाहण्यापूर्वी सूत्रलेखनास बसण्याची प्रथा ठेवली, हा निर्णय अनुकरणीय आहे. आपल्या लेण्यांत पावसाळ्यात जी दशा होते ती पाहिलेल्या कोणालाही ते पटेल.

या यात्रांचा आवडता मार्ग म्हणजे क्योतोच्या पूर्वेकडील टेकड्यांच्या पायथ्याने जाणारा 'तत्त्वज्ञाचा पथ'. गिंकाकु-जीपासून नान्झेन-जीच्या परिसरापर्यंत, बिवा सरोवराच्या कालव्याच्या एका शाखेच्या काठाने, सुमारे दोन किलोमीटर तो जातो. क्योतो विद्यापीठातील तत्त्वचिंतक निशिदा कितारो या वाटेने फिरत, म्हणून हे नाव. वाटेत होनेन-इन लागते, पुढे एइकान-दो. एइकान-दोमधील अमिताभाची मूर्ती मान वळवून मागे पाहणारी आहे. तिची कथा अशी : १०८२ साली भिक्षू एइकान नामस्मरण करीत मूर्तीभोवती चालत होता. अमिताभ स्वतः चौथऱ्यावरून उतरून त्याच्या पुढे चालू लागला. विस्मयाने एइकान थबकला, तेव्हा अमिताभाने मागे वळून, तू मागे राहिलास, असे त्याला म्हटले. मागे राहिलेल्यासाठी थांबणारा, वळून पाहणारा बुद्ध! थेरवादी अभ्यासकाला या कथेतील चमत्काराशी कर्तव्य नसले तरी मूर्तिकाराला जे सुचले त्याचे मोल त्याने अवश्य जाणावे. दुर्दैवाने बहुतेक मार्गदर्शक येथे शरद ऋतूतील लाल मेपलच्या पानांविषयीच अधिक बोलतात.

आता उद्यानांकडे वळू. रियोआन-जीचे कोरडे उद्यान म्हणजे या यात्रांचा कळसच. सुमारे २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद आयत, विंचरलेली पांढरी खडी आणि १५ दगड. ओसरीवर कोठेही बसले तरी एखादा दगड दृष्टीआड राहतो. या रचनेचे अर्थ अनेक सांगितले जातात : नदी पार करणारी वाघीण व तिचे बछडे, समुद्रातील बेटे, शून्यता. यांपैकी एकही अर्थ रचनाकाराने लिहून ठेवलेला नाही. 'झेन उद्यान' हा शब्दप्रयोगदेखील १९३० च्या दशकातील इंग्रजी लेखनातून रूढ झाला, हे उद्यानांच्या इतिहासकारांनी दाखविले आहे. पाश्चात्त्य वाचकाने आधी अर्थ ठरविला आणि मग जपाननेही तो आपला म्हणून स्वीकारला, असे काहीसे येथे घडले आहे.

मार्गदर्शकांच्या विवेचनात सहसा न येणारी एक गोष्ट मात्र त्या दगडांवर खरोखरच कोरलेली आहे. एका दगडाच्या पाठीवर, ओसरीवरून दिसणार नाही अशा जागी, दोन नावे आहेत. एक कोतारो, दुसऱ्याची अक्षरे झिजलेली असल्याने त्याच्या वाचनाविषयी मतभेद आहेत. ही नावे उद्यानकाम करणाऱ्या कावारामोनोंची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.

कावारामोनो म्हणजे नदीपात्रातले लोक. मध्ययुगीन क्योतोत कामो नदीच्या काठावरील करमुक्त, पुराच्या जागेत त्यांची वस्ती असे. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे, माती-दगडांची कामे करणे हे त्यांचे व्यवसाय. त्यांना अपवित्र मानले जाई. आमच्या वाचकांना याहून अधिक वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. दगड हलविण्याच्या आणि झाडे लावण्याच्या कामातून त्यांच्यातील काही जण उद्यानकलेत इतके निपुण झाले की शोगुनांनाही त्यांच्याविना चालेना. त्यांत सर्वश्रेष्ठ झेनआमी. शोकोकु-जीमधील इन्रियोकेनचे आणि नारा येथील दाइजो-इनचे उद्यान त्याने घडविले. गिंकाकु-जी ज्याच्या प्रासादातून निर्माण झाले तो शोगुन आशिकागा योशिमासा याने झेनआमी आजारी असता त्याला औषध पाठविले, अशी तत्कालीन रोजनिशीत नोंद आहे. झेनआमी १४८२ मध्ये वारला. त्याच वर्षी योशिमासाने आपल्या त्या प्रासादाचे काम आरंभिले.

झेनआमीचा नातू माताशिरो हाही उद्यानकार होता. रोकुओन-इनच्या रोजनिशीत १४८९ सालची एक नोंद आहे. आपण खाटकाच्या घरात जन्मलो याचे आपल्याला दुःख आहे, म्हणून आपण कोणत्याही प्राण्याचा जीव घेणार नाही आणि धनाचा लोभ धरणार नाही असा निश्चय केला आहे, असे माताशिरोने भिक्षूला सांगितले. ही नोंद आम्ही अनेकदा मनाशी घोळविली आहे. शीलाचे पालन करणारा उपासक येथे कोण आहे? प्राणातिपातापासून विरत राहण्याचा संकल्प करणारा माताशिरो. आणि तरीही दुःख त्यालाच, आणि तेही कृत्याचे नव्हे, जन्माचे.

येथे पालि वाङ्मयाच्या अभ्यासकाने काही स्पष्ट बोलले पाहिजे. उपासकाने शस्त्र, प्राणी, मांस, मद्य व विष यांचा व्यापार करू नये, असे तथागतांनी सांगितले आहे. हा उपदेश व्यवसायाविषयी आहे, कुळाविषयी नाही. आणि वसल सुत्तात तर मनुष्य जन्माने नव्हे, कर्माने वृषल होतो, असे निःसंदिग्ध प्रतिपादन आहे. जपानात मात्र शिन्तो धर्मातील अशुचितेची कल्पना आणि अहिंसेचे शील यांची अशी सांगड पडली की जीव घेण्याचा दोष मारणाऱ्याच्या वंशाला चिकटला. त्या कातड्याचे चिलखत घालणारा सामुराई मात्र शुद्धच राहिला, आणि त्याच कातड्याचा ढोल ज्या मंदिरात वाजे ते मंदिरही.

दोष सर्वस्वी शिन्तो धर्मावर टाकून बौद्धांना मोकळे होता येणार नाही. महायान ग्रंथांतूनच 'चंडाल' हा शब्द चीनमार्गे जपानात पोहोचला. त्याचे जपानी रूप 'सेंदारा'. सद्धर्मपुंडरीकाच्या सुखविहार परिवर्तात बोधिसत्त्वाने चंडालांशी आणि डुकरे, मेंढ्या, कोंबड्या पाळणाऱ्यांशी सलगी करू नये, असा निर्देश आहे. सुखावती परंपरेच्या अमितायुर्ध्यान सूत्रात अजातशत्रू आईवर तलवार उगारतो, तेव्हा मातृहत्या हे चंडालाचे कृत्य ठरेल असे सांगून मंत्री त्याला आवरतात. दुष्टपणाचे मोजमाप म्हणून एका मानवसमूहाचे नाव वापरणारे हे वाक्य जपानात शतकानुशतके पठणात आहे, आणि त्यावर बुराकू समाजाने आक्षेप घेतलेला आहे. जो शब्द आपल्या पूर्वजांच्या पाठीवर होता, तोच सुमारे सहा हजार किलोमीटरवर दुसऱ्या कोणाच्या पाठीवर बुद्धाच्या नावाने ठेवला गेला, हे आम्हा बौद्धांना अस्वस्थ करणारे आहे.

१८७१ च्या राजाज्ञेने ही अस्पृश्यता कायद्याने संपली. व्यवहारात ती विहारांच्या दफनभूमीपर्यंत टिकली. मृत व्यक्तीला विहाराकडून जे धर्मनाम मिळते, त्यात या समाजाच्या लोकांसाठी 'पशू', 'हीन', 'कातडे' या अर्थांची चित्राक्षरे योजलेली असत. ती थडग्याच्या दगडावर कोरली जात. १९७९ साली प्रिन्स्टन येथील जागतिक धर्म व शांतता परिषदेत सोतो झेन पंथाच्या एका वरिष्ठ पदाधिकाऱ्याने जपानात असा भेदभाव उरलेलाच नाही, असे सांगितले. बुराकू मुक्ती संघटनेने त्याला जाब विचारला. १९८४ मध्ये त्याच परिषदेच्या नैरोबी येथील अधिवेशनात ते विधान मागे घेऊन क्षमा मागण्यात आली, आणि पंथाने आपली मंदिरे, नोंदवह्या व थडगी तपासण्याचे काम हाती घेतले. हे काम सोतो पंथाने प्रामाणिकपणे केले, असे आमचे मत आहे. अन्य धर्मांच्या, विशेषतः आपल्या शेजारच्या धर्माच्या पीठांनी असे काही केल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

याच मंथनातून कोमाझावा विद्यापीठातील हाकामाया नोरिआकी व मात्सुमोतो शिरो यांचे 'समीक्षक बौद्धमत' पुढे आले. त्यांचा रोख 'होंगाकु' म्हणजे मूळबोधीच्या सिद्धान्तावर होता. सर्व वस्तू मुळातच बुद्ध आहेत, गवत, झाडे आणि माती यांनाही बुद्धत्व आहे, असे म्हटले की जे आहे ते जसे आहे तसेच योग्य ठरते, आणि अन्यायाला हात लावण्याचे कारणच उरत नाही, असा हाकामाया यांचा आक्षेप आहे. प्रतीत्यसमुत्पाद आणि अनात्म मानणाऱ्याला तो सहज समजेल. उद्यानाच्या ओसरीवर बसून दगडातील बुद्धत्वाचे गोडवे ऐकताना आम्हांला वाटते ते एवढेच, की दगडाला बुद्धत्व देणाऱ्या परंपरेने दगड रचणाऱ्याला थडग्यावर पशू म्हटले.

बाबासाहेबांच्या 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथाचा सिद्धान्त सर्वश्रुत आहे : भारतातील अस्पृश्यतेचे मूळ ब्राह्मणांनी बौद्धांविषयी बाळगलेल्या तिरस्कारात आणि गोमांसभक्षणाच्या प्रश्नात आहे. जपानचा पुरावा या सिद्धान्ताला बाधक नाही, कारण तो भारतापुरता आहे. मात्र बौद्ध देशात अस्पृश्यता असूच शकत नाही, असे जे सुलभ अनुमान आपल्याकडील काही वक्ते त्यातून काढतात, त्याला हा पुरावा निश्चित बाधक आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजची हीन अवस्था समजावून सांगणाऱ्या मताचा इतक्या कठोरपणे समाचार का घेतला, हे सोतो पंथाच्या दफनभूमी पाहिल्यावर अधिक उमगते. तेथेही उपदेशकांनी कर्माचाच आधार घेतला होता.

चिंतनयात्रा नान्झेन-जीच्या भव्य दरवाजाशी संपते. तेथून पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटे चालले की ओकाझाकी लागते. ३ मार्च १९२२ रोजी तेथील सार्वजनिक सभागृहात सुइहेइशा या संघटनेची स्थापना झाली. नावाचा अर्थ पाण्याच्या पातळीसारखी समता मानणारा संघ. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. तिचा जाहीरनामा लिहिणारा साइको मान्किची हा शिन पंथाच्या मंदिरात जन्मलेला होता, आणि संघटनेने आरंभीच होंगान-जीच्या पूर्व व पश्चिम या दोन्ही पीठांना वीस वर्षे वर्गणी नाकारण्याचा पवित्रा घेतला. त्या जागी आज स्मारकशिला आहे. क्योतो स्थानकाजवळच्या जुन्या बुराकू वस्तीत, तेथील लोकांनी १८९९ मध्ये स्वतः उभारलेल्या यानागिहारा बँकेची इमारत १९९७ पासून संग्रहालय म्हणून खुली आहे. स्थानकावर उतरणाऱ्या यात्रेकरूला ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जो मार्गदर्शक आपला गट नान्झेन-जीहून बसमध्ये चढविण्याऐवजी ओकाझाकीपर्यंत चालवील, आणि रियोआन-जीच्या ओसरीवर वाघिणीची गोष्ट संपल्यावर कोतारोचे नाव घेईल, त्याच्या यात्रेस आमच्या उपासक-उपासिकांनी जरूर जावे.