‘तिसरा क्षण’ आणि साहित्यिकाचा स्वधर्म

साहित्यनिर्मितीच्या मुळाशी उत्कटता असते, हे विधान मराठी टीकेत इतक्या वेळा केले गेले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची गरज सहसा कुणाला वाटत नाही. ऊर्मी आली की कवी लिहितो, ती ओसरली की लेखणी थांबते, आणि ज्याला अशी ऊर्मी वारंवार येते त्याला आपला स्वधर्म गवसला, असा एक सुलभ समज रूढ आहे. बा. सी. मर्ढेकरांनी १९४१ साली ‘वाङ्मयीन महात्मता’मध्ये लेखकाच्या आत्मनिष्ठेचा निकष पुढे ठेवला, तेव्हा या प्रश्नाला गांभीर्य प्राप्त झाले. परंतु ज्या ‘आत्म’शी निष्ठा ठेवावयाची, तो लेखकाला आयता लाभतो की घडवावा लागतो, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहिला. या प्रश्नाचे एक समर्थ उत्तर मराठी घरात जन्मलेल्या एका लेखकाने हिंदीत दिलेले आहे. तो लेखक म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध.

मुक्तिबोधांचा जन्म १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. घरची भाषा मराठी. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि टीकाकार म्हणून मान्यता पावले. थोरल्याने हिंदी स्वीकारली. प्रेमचंदांची गोडी आपल्याला आईने लावली, असे त्यांनी स्वतःच एका लेखात सांगितले आहे. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील सात कवींत मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे हे दोघे मराठीभाषक होते, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. माचवे दोन्ही भाषांत सहज वावरले. मुक्तिबोधांनी मात्र आपले सर्वस्व एकाच भाषेच्या स्वाधीन केले. निवड झाली, पण तिने मार्ग सुकर झाला नाही.

१९४६-४७च्या सुमारास ते जबलपूरला होते. हितकारिणी हायस्कूलमधील शिक्षकी आणि ‘जय हिंद’ या दैनिकातील काम, हे त्या काळातील त्यांच्या निर्वाहाचे साधन. १९४८ नंतर नागपूर, तेथे सरकारी माहिती खाते, आकाशवाणी, मग ‘नया खून’ साप्ताहिक. १९५८ साली राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन. उदरनिर्वाहाच्या अशा वणवणीतून ज्याला निवांतपणा कधी लाभला नाही, त्याने आपल्या कार्याचा ध्यास कसा सांभाळला असेल, हे कुतूहल स्वाभाविक आहे. जबलपूरमध्येच त्याला एक बोलके प्रत्युदाहरण आढळते. हरिशंकर परसाई यांनी १९५७च्या सुमारास नोकरीचा मार्ग कायमचा सोडला आणि केवळ लेखनावर जगण्याचे ठरविले. परसाईंचा निर्णय एका दिवशी घेता आला. मुक्तिबोधांना तो रोज नव्याने घ्यावा लागला. दोघांत मोठे कोण, हा प्रश्न गैरलागू आहे. मात्र स्वधर्माचा शोध म्हणजे नोकरीचा त्याग, असे समीकरण मांडणाऱ्यांनी या दुसऱ्या उदाहरणाकडे अवश्य पाहावे.

परसाईंनी जबलपूरहून ‘वसुधा’ हे मासिक चालविले. ते अल्पायुषी ठरले. पण मुक्तिबोधांच्या ‘एक साहित्यिक की डायरी’तील अनेक लेखांना पहिला आसरा या मासिकाने दिला. हे लेखन रूढ अर्थाने दैनंदिनी नाही. मित्राशी चाललेला वाद, फेरफटका, मध्येच मनात उठणारी शंका, अशा सैल रूपात त्यात निर्मितिप्रक्रियेचा कठोर विचार आलेला आहे. ‘तीसरा क्षण’ या लेखात केशव नावाच्या मित्राशी झालेल्या संभाषणाच्या ओघात कलानिर्मितीचे तीन क्षण वर्णिलेले आहेत. जीवनातील उत्कट अनुभवाचा क्षण हा पहिला. तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या एका कल्पचित्राचे रूप घेतो, तो दुसरा. आणि या कल्पचित्राचे शब्दांत रूपांतर होऊ लागते तेथपासून ते पूर्णत्वास जाईपर्यंतचा काळ, तो तिसरा.

या विभागणीत नवे काय, असे कोणी विचारील. अनुभव, कल्पना आणि अभिव्यक्ती ही त्रयी तर जुनीच आहे. नवेपणा आहे तो तिसऱ्या क्षणाच्या विवरणात. प्रचलित कल्पनेनुसार अभिव्यक्ती म्हणजे मनात सिद्ध असलेल्या वस्तूला शब्दांचा पेहराव. मुक्तिबोध हे मान्य करीत नाहीत. भाषा ही समाजाची ठेव आहे. तिच्यातील प्रत्येक शब्दाला पूर्वीच्या पिढ्यांनी दिलेला अर्थ चिकटलेला आहे. म्हणून कवीचे कल्पचित्र शब्दांत उतरू लागताच शब्दही त्याच्यावर आपला अंमल बसवू लागतात. चित्राचा काही भाग शब्दाअभावी गळून पडतो. शब्दांच्या संगतीने नव्या स्मृती, नवे अनुभव आत येतात. आणि अखेरीस जी कृती सिद्ध होते ती मूळ चित्राची प्रतिकृती नसते, ती त्याची संतती असते. या झगड्यात भाषाही पूर्वीसारखी राहत नाही.

हे विवेचन मान्य केले तर उत्कटतेची जागा बदलते. पहिला क्षण कोणाच्याही वाट्याला येऊ शकतो. दुःखाने विदीर्ण झालेला प्रत्येक मनुष्य त्यातून गेलेला असतो. कवीचे कवीपण ठरते ते तिसऱ्या क्षणाच्या दीर्घ सहवासात. तेथे उत्कटता हा आवेग न राहता चिकाटीचे रूप घेते. ‘आत्म’ही याच काळात घडत जातो, कारण शब्दांशी झगडताना कवीला आपला अनुभव केवळ आपला नाही, हे उमगत जाते. आत्मनिष्ठेच्या निकषाला मिळालेली ही मोलाची पूरकता होय. शरच्चंद्र मुक्तिबोधांनी मराठीत रूपवादाविरुद्ध ‘मानुषता’ या मूल्याचा आग्रह धरला. त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दोघा बंधूंच्या भाषा वेगळ्या झाल्या, तरी कलावंताच्या अंतरंगात समाजाचा शोध घेण्याची दृष्टी दोघांत समान आहे.

‘अँधेरे में’ ही दीर्घ कविता या सिद्धांताची कसोटी मानता येईल. तीत निवेदकाला एक गूढ पुरुष दिसतो, त्याच्या दाराची कडी वाजवतो आणि नाहीसा होतो. हा पुरुष म्हणजे निवेदकाचीच अद्याप न गवसलेली अभिव्यक्ती. दार उघडण्याचे धैर्य प्रथम होत नाही. कारण ती स्वीकारणे म्हणजे तिची किंमत मोजणे. पुढे मध्यरात्रीची मिरवणूक येते, तीत सेनाधिकाऱ्यांबरोबर कवी आणि समीक्षकही सामील असतात. टिळकांच्या पुतळ्यातून रक्त वाहते. गांधी एक बालक निवेदकाच्या हाती सोपवितात. शेवटी तो पुरुष पुन्हा दिसतो आणि लोकांच्या गर्दीत मिसळून जातो. निवेदक त्याला गल्लोगल्ली शोधीत राहतो. स्वधर्माची हाक आतून येते, पण तिचा माग काढण्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते, असा या रचनेचा आशय आहे.

याची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. तिसरा क्षण लांबत गेला की कृती पूर्ण झाली हे ठरवावयाचे कोणी, असा प्रश्न उद्भवतो. मुक्तिबोधांच्या दीर्घ कवितांत पुनरुक्ती आहे; तीच विहीर, तोच अंधार, तेच भग्न अवशेष पुनःपुन्हा येतात. क्वचित कल्पचित्रांची गर्दी इतकी होते की मूळ अनुभवाचा धागा हातून निसटतो. ही वैगुण्ये खरी आहेत. परंतु ती आळसातून आलेली नाहीत. जे पुरते हाती आले नाही ते आले असे भासविण्यास कवी तयार नव्हता, त्यातून ती उद्भवली. घाईने पुऱ्या केलेल्या नेटक्या कवितांची मराठीत वाण नाही. त्यांच्या तुलनेत हे अपुरेपण अधिक प्रामाणिक ठरते.

फेब्रुवारी १९६४मध्ये मुक्तिबोधांना पक्षाघात झाला आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. तो हातात घेण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ‘अँधेरे में’ नोव्हेंबरमध्ये हैदराबादच्या ‘कल्पना’त आली. स्वधर्म सापडल्याची खूण यश असेल, तर या आयुष्याला तो सापडला नाही, असे म्हणावे लागेल. परंतु जबलपूरच्या शाळेत तास घेताना आणि वृत्तपत्राच्या कचेरीत बातम्या लिहिताना जो लेखक शब्दाशी चाललेला आपला झगडा सोडीत नाही, त्याच्या बाबतीत स्वधर्म सापडणे आणि आचरणे या दोन क्रिया वेगळ्या उरत नाहीत. उत्कटतेची थोरवी गाणाऱ्या मराठी टीकेने आता तिच्या टिकाऊपणाचाही हिशेब मागावा, हेच या उदाहरणाचे सांगणे आहे.